बांधावर फेकलेली पुडी आणि तोरणमाळचा रानपिंगळा

बीटी कपाशीचं, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कपाशीचं, बियाणं घेतलं की सोबत आणखी एक छोटी पुडी मिळायची. मोठं पाकीट ४५० ग्रॅमचं, ही पुडी १२० ग्रॅमची. तिच्यात साधं, बिगर-बीटी बियाणं. शेताच्या कडेने निदान पाच ओळी या बियाण्याच्या लावायच्या, असा नियम होता. आमच्याकडे शहादा तालुक्यात ती पुडी पहिल्यांदा घरात आली तेव्हा वडिलांनी ती हातात उलटीपालटी केली आणि विचारलं, ‘हाई पुडी कसाले शे?’ दुकानदाराला सांगता आलं नव्हतं, मलाही सांगता आलं नाही. ज्या ओळींना अळी लागणार हे आधीच ठाऊक आहे, त्या ओळी मुद्दाम लावायच्या कशासाठी? पुडी बांधावर गेली. आमचीच नव्हे, शिवारात जवळजवळ प्रत्येकाची गेली.

त्या पुडीत काय होतं ते मला फार उशिरा समजलं. बीटी कपाशीतलं विष पचवू शकणारी अळी मुळात फार दुर्मीळ. पण आसपास फक्त बीटी कपाशीच असेल तर बाकीच्या सगळ्या मरतात आणि ही एकटी-दुकटी जगते. तिचा पतंग होतो, त्याला जोडीदारही तसाच, विष पचवून जगलेला मिळतो आणि पुढची सगळी पिल्लावळ विष पचवणारी निघते. कडेच्या पाच ओळींवर साध्या अळ्या भरपूर पोसल्या असत्या, तर त्या दुर्मीळ पतंगाचा जोड साध्या पतंगाशी लागला असता आणि त्यांची संतती बीटीवर मेली असती. म्हणजे त्या पाच ओळी कापसासाठी नव्हत्याच. त्या अळीच्या रक्तात साधेपणा टिकून राहावा यासाठी होत्या. आम्ही पुड्या फेकल्या, वर फरदड घेऊन, म्हणजे हंगाम संपला तरी कपाशी उभीच ठेवून, उन्हाळ्यापर्यंत अळीला घर दिलं. बीटी कपाशीला परवानगी मिळाली २००२ साली. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर बोंडं पोखरली आणि घरात आला तो कवडी, म्हणजे किडका, डागाळलेला कापूस.

हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण आहे. नष्ट होत चाललेले प्राणी-पक्षी जनुकशास्त्राच्या मदतीने वाचवावेत का, ही चर्चा आता मराठीतही सुरू झाली आहे. ती ऐकताना मला सारखी ती पुडी आठवते. जनुकाची ताकद काय असते हे खानदेशातल्या शेतकऱ्याने पाहिलं आहे. त्या ताकदीसोबत येणारी शिस्त बांधावर फेकली की काय होतं, तेही पाहिलं आहे. म्हणून मला वाटतं की या प्रश्नावर बोलायचा आपला अधिकार कुठल्याही महानगरातल्या परिसंवादाइतकाच आहे.

माझं म्हणणं असं: जनुकशास्त्र वापरलंच पाहिजे, आणि आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त वापरलं पाहिजे. मात्र ते आधी जिवंत प्राण्यांसाठी वापरावं. मेलेल्याला उठवण्याच्या आधी, जो अजून रानात आहे त्याचं रक्त कुठे पातळ होत चाललं आहे, कोणाचा कोणाशी संबंध तुटला आहे, हे वाचण्यासाठी वापरावं. आणि जे वाचलं त्याप्रमाणे रान जोडावं. रान तोडून जनुकं गोठवून ठेवायची, हा सौदा आपण करू नये.

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कोलोसल नावाच्या कंपनीने डायर वुल्फ हा हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला लांडगा परत आणल्याचं जाहीर केलं. पांढरीशुभ्र पिल्लं जगभर गाजली. प्रत्यक्षात ते करड्या लांडग्याच्या पेशीत १४ जनुकांमध्ये मिळून २० बदल करून जन्माला घातलेले करडे लांडगेच आहेत. तंत्र थक्क करणारं आहे आणि त्यातून उद्या एखादा उपयोगी रस्ता निघेलही. पण त्या पिल्लांना शिकार शिकवणारा कळप नाही, ज्या प्राण्यांवर तो लांडगा जगायचा त्यातले बरेचसे उरलेले नाहीत. आणि अशा बातमीचा एक परिणाम मला घाबरवतो. ‘गेला तर गेला, पुन्हा बनवू’ हा विचार एकदा मनात शिरला की रस्ता, धरण, खाण यांच्या प्रत्येक फाइलवर सही करणाऱ्या हाताला तो सोयीचा वाटू लागतो.

याच अमेरिकेतून दुसरी दोन उदाहरणं घेतो, कारण त्यांनी माझं मत घडवलं. फ्लोरिडातल्या पँथरची, म्हणजे तिथल्या प्यूमा या मोठ्या मांजराची, संख्या १९९० च्या दशकात २०-३० वर आली होती. भाऊबंदांतच जोड्या लागून शेपट्यांना गाठी पडू लागल्या, हृदयात दोष दिसू लागले, नरांची वृषणं खाली उतरेनात. १९९५ साली टेक्सासमधून आठ माद्या आणून तिथे सोडल्या. बस्स, आठ माद्या. त्यांतल्या पाच व्यायल्या आणि तेवढ्यावर त्या जातीची वाट पालटली. आज तिथे शंभराच्या वर पँथर आहेत. काय चुकतंय हे जनुकांनी सांगितलं, इलाज मात्र साधा होता. आपल्याकडे गायीला सारखा घरच्याच एका वळूचा जोड नको म्हणून शेजारच्या गावाचा वळू आणतात, तसाच.

दुसरं उदाहरण काळ्या पायांच्या फेरेटचं, म्हणजे मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका छोट्या शिकारी प्राण्याचं. आज असलेले सगळे फेरेट अवघ्या सात मूळ प्राण्यांची संतती. विला नावाची एक मादी १९८८ साली मेली, तिची संतती आज हयात नाही. पण कोणीतरी तिच्या पेशी गोठवून ठेवल्या होत्या. त्या पेशींपासून डिसेंबर २०२० मध्ये एलिझाबेथ अ‍ॅन नावाची मादी क्लोनिंगने जन्मली, आणि विलाच्याच पेशींतून आलेली दुसरी एक क्लोन मादी २०२४ मध्ये व्यायली. सात पूर्वजांच्या कुळात आठव्याचं रक्त आलं. इथे क्लोनिंग मला मनापासून पटतं. कारण फेरेट ज्या प्रेअरी डॉगवर, म्हणजे बिळात राहणाऱ्या खारीसारख्या प्राण्यावर, जगतो, ते आणि त्यांची गवताळ माळरानं अजून आहेत, आणि ती राखण्याचं कामही सोबत चालू आहे. पुडी आणि पाकीट दोन्ही एकाच शेतात लावलं आहे.

आता घरी येऊ.

खानदेशात रानपिंगळा राहतो. साधा पिंगळा आपल्या गावच्या वडा-पिंपळावर असतो तो. हा त्याचा रानातला भाऊ, थोडा जाडसर, डोक्यावर ठिपके जवळपास नाहीत, आणि दिवसाढवळ्या शिकार करणारा. साग आणि मोईच्या विरळ, कोरड्या जंगलात राहतो, जुन्या झाडांच्या ढोलीत घरटं करतो, सरडे-उंदीर खातो. १८७२ ते १८८४ या बारा वर्षांत त्याचे मोजून सात नमुने संग्रहालयांत गेले. शेवटचे खरे नमुने जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने याच पश्चिम खानदेशातून गोळा केले. त्यानंतर पक्षी दिसलाच नाही. रिचर्ड मेनर्ट्झहागेन नावाच्या नामांकित इंग्रज संग्राहकाने मात्र १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ एक मिळवल्याचं सांगितलं होतं. पुढे पामेला रासमुसेन या पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी त्या नमुन्याची शिवण, भरलेला कापूस, हाडं बारकाईने तपासली आणि दाखवून दिलं की तो डेव्हिडसनचाच एक पक्षी होता. संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा शिवलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला. खोटी जागा नकाशावरून पुसली गेली तेव्हा शोध खऱ्या जागांवर आला. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, तोरणमाळच्या पायथ्याच्या जंगलात रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. नंदुरबार जिल्हा तेव्हा झालाही नव्हता. शहादा धुळ्यात होता.

ती बातमी माझ्या गावापासून दुचाकीने तासाभराच्या अंतरावर घडली आणि आम्हाला ती कळली कित्येक महिन्यांनी. याची रुखरुख मला अजून आहे. पण त्या शोधातून मी जे शिकलो ते या लेखाच्या मुळाशी आहे. पक्षी तिथेच होता. तिथले पावरा आणि भिल्ल गुराखी त्या रानात रोज जात होते. संग्रहालयातल्या एका खोट्या चिठ्ठीने शोधणाऱ्यांना भलतीकडे पाठवलं. जनुकांच्या पेढीचंही तसंच असणार: नळीवर जागा, तारीख, उंची खरी लिहिली असेल तर त्या नळीला किंमत, नाहीतर ती नुसती थंड काच.

पुढे जनुकशास्त्राने या पक्ष्याचं एक शतकभर जुनं भांडण मिटवलं. पक्षिशास्त्रज्ञ ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याला वेगळी प्रजातच (जीनस) दिली होती, हेटेरोग्लॉक्स. २०१८ साली भारतीय संशोधकांनी डीएनए तपासून दाखवलं की तो पिंगळ्यांच्या अथेनी याच प्रजातीत बसतो. आपण त्याला रानपिंगळा म्हणतो तेच शास्त्राने मान्य केलं, याचा मला आनंद आहे. त्याच सुमाराला तो मध्य प्रदेशात, डांगात आणि मुंबईजवळ तानसाच्या रानातही सापडल्यामुळे त्याला अतिसंकटग्रस्त वर्गातून संकटग्रस्त वर्गात आणलं गेलं. तरी जगात प्रौढ रानपिंगळे हजाराच्या आतच मोजले जातात. एवढ्या थोड्यांत खरा प्रश्न असा आहे: तोरणमाळचे, यावलचे, मेळघाटचे आणि तानसाचे रानपिंगळे अजून एकमेकांत मिसळतात का, की प्रत्येक तुकडा आपापल्या बेटावर अडकला आहे? ढोलीखाली गळून पडलेल्या पिसाच्या देठातून हे कळू शकतं. पक्ष्याला हातही लावावा लागत नाही. हे काम कुणा लांडग्याला उठवण्याइतकं चमकदार नाही. पण आज झालं नाही तर पन्नास वर्षांनी कोणत्याही प्रयोगशाळेला ते करता येणार नाही, कारण वाचायला पुस्तकच उरलेलं नसेल.

अडकून पडण्याचं फळ काय असतं ते ओडिशातल्या सिमिलिपालने दाखवलं आहे. तिथल्या कित्येक वाघांचे पट्टे पसरून अंग काळं पडलेलं दिसतं. पर्यटकांना ते काळे वाघ आवडतात. बंगळुरूच्या उमा रामकृष्णन यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं की एका जनुकातला एकच बदल याला कारणीभूत आहे, आणि इतरत्र जवळपास न सापडणारा हा बदल तिथे एवढा पसरला, कारण तिथले वाघ फार काळ बाकीच्यांपासून तुटलेले आहेत. काळा रंग स्वतः वाईट नाही. पण जो दरवाजा बंद झाल्यामुळे हा रंग आत साठला, त्याच दरवाजामागे न दिसणारे दोषही साठत असतात. म्हणून २०२४ च्या अखेरीस आपल्या ताडोब्यातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी सिमिलिपालला नेल्या. झीनत तिथून निघाली ती झारखंड ओलांडून पश्चिम बंगालमध्ये शिरली. २९ डिसेंबरला बांकुडा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून परत आणावं लागलं. वाघिणीला ट्रकने नेऊन सोडणं हा शेवटचा उपाय आहे हे त्यावरून कळावं. ती आपल्या पायांनी जाऊ शकली असती तर या धावपळीची गरज नव्हती.

पायांनी जाणारे वाघ आपल्याकडे आहेत. यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण नर २०१९ मध्ये निघाला आणि विदर्भ-मराठवाडा-तेलंगण फिरत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नऊ महिन्यांत जवळपास ३००० किलोमीटर. २०२१ मध्ये टिपेश्वरचाच दुसरा एक नर चाळीसगावला लागून असलेल्या गौताळ्यात आला; तिथे अनेक दशकांत वाघ नव्हता. हे वाघ मादी शोधत होते. जनुकशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर ते जनुकं वाहून नेत होते, आणि वाटेत त्यांनी कापसाची शेतं, गावठाणं, महामार्ग ओलांडले.

मध्य भारतात २०१३ साली वाघांच्या विष्ठेतल्या डीएनएवरून झालेल्या अभ्यासात हेच आकड्यांनी दिसलं. कान्हा-पेंच, सातपुडा-मेळघाट यांच्यासारख्या जिथे जंगलाचा दुवा शाबूत होता तिथे जनुकांची देवाणघेवाण टिकून होती. दुवा तुटला तिथे ती आटत होती. विष्ठेतून डीएनए कसा मिळतो, असं लोक नेहमी विचारतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी विष्ठेच्या बाहेरच्या थरावर चिकटून येतात. तो पातळ थर खरवडून अल्कोहोलमध्ये किंवा सिलिका घातलेल्या डबीत ठेवायचा. पाऊस लागलेली, किडे लागलेली विष्ठा निकामी; उन्हाळ्यात वाळलेली ताजी असेल तर उत्तम. एवढ्यावरून नर की मादी, कोण कोणाचा, कुठून आला, हे सांगता येतं. वनरक्षकाला हे शिकवायला दोन दिवस पुरतात.

सातपुड्याची ही साखळी मेळघाटावरून पश्चिमेकडे आपल्या दारात येते: मुक्ताईनगरच्या वढोदा वनक्षेत्रातलं मुक्ताई-भवानी, मग यावल अभयारण्य, पुढे अनेर, पुढे तोरणमाळ. यावलचं अभयारण्य १९६९ चं. नकाशावर ही माळ सुंदर दिसते, जमिनीवर मात्र ती जागोजागी ओढून तुटायला आली आहे. मुक्ताईनगरकडचे वाघ केळीच्या बागांत दिसल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. बागेत सावली, ओल, रानडुक्कर, सगळं आहे. मला ते दृश्य डोळ्यासमोरून जात नाही. ग्रँड नैन जातीच्या केळीची टिश्यूकल्चरची बाग, हजारो झाडं एका पेशीची भावंडं, एकाच आठवड्यात निसवणारी, एकसारख्या घडांची. आणि त्यांच्या ओळींतून जाणारा, शेवटच्या काही वेगळ्या जनुकांचा वाहक असलेला एक वाघ. आम्ही केळीवाले एकसारखेपणाची किंमत जाणतो. ज्या वर्षी सीएमव्ही हा विषाणूचा रोग येतो त्या वर्षी तो एका झाडाला येऊन थांबत नाही. जगभर विकली जाणारी ग्रोस मिशेल केळी पनामा रोगाने विसाव्या शतकाच्या मध्यात बाजारातून उठली, आणि त्या रोगाचा नवा प्रकार आपल्या देशातही, बिहार-उत्तर प्रदेशात, शिरलेला आहे. केळीला पर्याय शोधायला निदान संशोधन केंद्रं आहेत, पैसा आहे. वाघाला आणि रानपिंगळ्याला त्यांचं वेगवेगळं रक्त हाच एक विमा आहे.

दोन आक्षेप मला नेहमी ऐकू येतात. एक असा, की हा देवाच्या कामातला हस्तक्षेप आहे. मला हा आक्षेप प्रामाणिक वाटतो, पण उशिरा आलेला वाटतो. हस्तक्षेप आपण त्या दिवशीच केला ज्या दिवशी सातपुड्यातला सागवान तोडून, रस्ते काढून रानाचे तुकडे केले. तुकड्यात अडकवणं हाही जनुकांवर केलेला प्रयोगच आहे, फक्त त्याला कोणाची परवानगी लागली नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि तो पाड्यांवरून येतो. ‘वाघाचा मार्ग’ असं नाव नकाशावर पडलं की उद्या आम्हाला उठवणार, अशी भीती तिथे आहे. ती पोकळ नाही. वनहक्क कायदा २००६ मध्ये आला, तरी दाव्यांसाठी लोकांनी वर्षानुवर्षं हेलपाटे घातले आहेत. जनुकांचा अहवाल जर पाड्यावर नोटीस बनून येणार असेल तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. पण त्या टिपेश्वरच्या वाघाकडे बघा: तो माणसांच्या वस्तीतून, शेतांतून गेला आणि जगला. वाघाला जायला वाट हवी असते, ओसाड केलेला मुलूख नको असतो. त्याला अडवतात त्या विजेचा प्रवाह सोडलेल्या तारा, उंच कठडे असलेले कालवे, खालून वाट न सोडता बांधलेले महामार्ग. आणि रानपिंगळ्याला हवी असतात ढोली असलेली जुनी झाडं, जी ‘वाळलेली, निरुपयोगी’ म्हणून आधी तोडली जातात. हे अडथळे दूर करायला आणि ही झाडं राखायला आदिवासीला उठवावं लागत नाही. उलट ढोल्या कुठे आहेत हे त्यालाच ठाऊक असतं.

म्हणून माझी मागणी मोठ्या प्रयोगशाळेची नाही. हैदराबादला सीसीएमबी या संशोधन संस्थेची लॅकोन्स ही संकटग्रस्त प्राण्यांसाठीची प्रयोगशाळा आहे, बंगळुरूला काम चालू आहे, राजस्थानात ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनाने माळढोकाचं पिल्लू जन्मलं; तंत्र देशात आहे. आपल्याकडे जळगावात विद्यापीठ आहे, जीवशास्त्राचे विद्यार्थी आहेत. शहाद्यापासून मुक्ताईनगरपर्यंत वनखात्याच्या प्रत्येक परिक्षेत्रात नमुने ठेवायची एक पेटी हवी, आणि ते गोळा करायला मजुरी देऊन नेमलेली पावरा-भिल्ल-तडवी पोरं हवीत. रस्त्याचं रुंदीकरण मंजूर करण्याआधी त्या टापूतल्या नमुन्यांचा अहवाल वाचला गेला पाहिजे, नुसता जोडला गेला असं नाही. माळढोकाचं पिल्लू कौतुकाचंच, पण ते मोठं होऊन ज्या माळावर उडेल तिथल्या वीजतारा जमिनीखाली गेल्या नाहीत तर रेतनाचं सगळं कसब एका तारेवर संपतं.

मागच्या हिवाळ्यात तोरणमाळच्या खालच्या अंगाला एका पावरा म्हाताऱ्याने मला मोईचं एक झाड दाखवलं. माणसाच्या डोक्याच्या दुप्पट उंचीवर ढोल, कडा घासून गुळगुळीत झालेल्या, खाली सरड्याच्या हाडांचे आणि उंदराच्या केसांचे छोटे गोळे. त्याने खाली वाकून पाचोळ्यातून एक पीस उचललं, तपकिरी, पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचं, आणि माझ्या तळहातावर ठेवलं. ते कुठे द्यायचं, हे मला त्याला सांगता आलं नाही. मी ते एका कोऱ्या पाकिटात घातलं, त्यावर तारीख, झाडाची जात आणि नाल्याचं नाव लिहिलं, आणि वनखात्याच्या चौकीवर नेऊन दिलं. चौकीतल्या माणसाने ते टेबलाच्या खणात ठेवलं. पुढच्या महिन्यात जाऊन मी विचारणार आहे.